माने सिस्टरांचं एकच उत्तर

पलूसच्या दवाखान्यात मी कंप्युटरवर नोंदी करायला लागले, त्या पहिल्याच दिवशी माने सिस्टरनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान टराटरा फाडलं. का, तर त्यावर सगळ्यांनी आपापले पासवर्ड लिहून ठेवलेले! महिना अजून अर्धा शिल्लक होता. वॉर्डबॉय म्हणाला, "सिस्टर, आता एकादशी कवा हाय ते कसं कळायचं?"

"फराळ दिसला की कळंल."

निवृत्तीला वर्ष राहिलेली बाई, चष्मा दोरीला, आवाज खणखणीत. पण पेशंटला आजार विचारताना तो एवढा बारीक, की शेजारच्या खुर्चीला ऐकू जाऊ नये. मी मोठ्यानं विचारलं की म्हणायच्या, "ह्यो काय एसटी स्टँड हाय व्हय?"

मग ती दुपार. उंब्रजहून एक पाहुणे आले. पुतण्याला इथली मुलगी बघितलेली, सुपारी फुटायची बाकी. "तिनं हितनं सहा महिनं औषध घेतलंय म्हणत्यात. खरं का, एवढंच सांगा."

आमच्याकडं स्थळाची चौकशी म्हणजे पुण्याचं काम, त्यात मला बोलायला आवडतंच! नाव टाकलं, फाईल उघडली. टीबी. कोर्स पूर्ण, मुलगी ठणठणीत. चांगलंच आहे की, सांगून टाकू, म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात मागून हात आला आणि मॉनिटर बंद.

"पावणं, ते पोरीला इचारा."

"म्हंजे कायतरी हाय तर!"

"हाय म्हणत न्हाई, न्हाई बी म्हणत न्हाई. कुणाचंबी नाव घ्या, हेच सांगणार. तुमच्या गावच्या दवाखान्यात तुमची बी फाईल असंल. उद्या भावकीतलं कोण गेलं, तर उघडू द्यायची?"

पाहुण्यांनी टोपी सारखी केली आणि गेले.

मी म्हटलं, "अहो, ती बरी झालीय, एवढंच सांगणार होते!"

"बरी झाली म्हणलीस की आजारी हुती हे सांगितलंसच की, बाय."

काम नसताना फाईल उघडली, असं सिस्टरनी माझ्याकडून डॉक्टरांना लिहून घेतलं. वर त्या मुलीला बोलावून मला तिच्यासमोर उभं केलं. माझ्याच वयाची. मी सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "सिस्टर, तुमी बी वाचलं?"

"न्हाई. हिच्या तोंडनं निम्मं ऐकलं, तेवढंच."

मग ती म्हणाली, "त्येला मीच सांगणार हुते. माझ्या तोंडानं."

"मग तसंच कर," सिस्टर म्हणाल्या. बाकी काही सल्ला नाही.

मागच्या वर्षी त्या निवृत्त होऊन साताऱ्याला लेकाकडं गेल्या. निघताना मला राहवलं नाही. "सिस्टर, तिचं लग्न झालं असेल का हो?"

"तुजं काय काम त्यात?"

खरंच काही नाही. तिचा नंबर, पत्ता, झालं असेल तर नवं आडनावही माझ्यासमोरच्या कंप्युटरात आहे. नाव टाकलं की दोन सेकंदात कळेल.

मला अजून माहीत नाही.