आधीचा मेकॅनिक

सत्याऐंशीच्या हिवाळ्यात आमची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी पार्सिपनी गावच्या बर्फात अडकली. चारही चाकांना जोर देणारं बटण दाबलं तरी पुढची चाकं जोर घेईनात. गाडी ओढून गॅरेजात नेली, तेव्हा गॅरेजवाल्या वॉल्टरला मी सुनावलं, "मी इलेक्ट्रिकल इंजिनीअर आहे. मला वायरिंग शिकवू नकोस, गिअर बघ."

आठवीत शाळा सोडलेल्या वॉल्टरनं ऐकून घेतलं. मग टेस्टर काढून उडालेल्या फ्यूजपासून वायर तपासत तपासत तो डॅशबोर्डवरच्या गणपतीपर्यंत आला. गणपतीपुढचा लाल दिवा दसऱ्याला मीच बसवला होता, फोर-व्हील ड्राइव्हच्या बटणाची वायर सोलून. तिथंच शॉर्ट झाला होता.

मूर्तीला ग्रीस लागू नये म्हणून वॉल्टर आधी हात धुऊन आला. बटणाची वायर त्यानं नीट केली आणि दिव्याला वेगळा फ्यूज दिला.

"ही वायर कोणी जोडली?"

"आधीच्या मेकॅनिकनं," मी म्हणालो.

शेजारी उभी असलेली माझी बायको वसुधा बाहेरच्या बर्फाकडे बघायला लागली. गाडी दसऱ्यालाच नवीकोरी घेतलेली. वॉल्टरच्या हातातल्या गाडीच्या कागदावर खरेदीची तारीखही होती.

त्यानं तारीख वाचली आणि कागद बाजूला ठेवला. नुसता दिवा लावून दाखवला. गणपतीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.