मधल्या रेषेवर

कोपरला आमच्या बिल्डिंगमध्ये मासे घेऊन येणाऱ्या मावशीला कबड्डीचं भयंकर वेड. तिच्या कोपर गावात संध्याकाळी सामना असला की मासे उरले तरी ती टोपली उचलायची. मासे कापत बोलताना नजर कोयत्यावर असायची आणि शेवटचा शब्द मुंडकं उडवल्यासारखा यायचा.

एका वर्षी गावच्या संघात आमच्याच बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहणारा एक केरळी तरुण घ्यायचा की नाही, यावरून ऐन मैदानात जुंपली. "गावाचा संघ आहे, बाहेरचा नको," म्हणून जुनी मंडळी अडून बसली. मावशी टोपलीसकट आत गेली आणि मधल्या रेषेवर मांडी घालून बसली.

"बिल्डरला जमिनी इकल्या, तवा त्याचा गाव इचारला नाय. आता या पोराला इचारताव?"

ती उठेना आणि सामना सुरू होईना. शेवटी त्याला घेतलं.

पहिल्याच चढाईत तो पकडला गेला. सगळं मैदान मावशीकडे बघायला लागलं. मी मान खाली घातली, कारण भाडेकरू मीही होतो.

तिनं पदर खोचला.

"पकडला ना? म्हंजे खेलला. बसा गप."