ढोल शेकायची जागा

पोस्टचं नाव सांगत नाही. उत्तरेकडे, उंचावर, खाली नदी आणि डोक्यावर कच्चा डोंगर, एवढं पुरे. माझी तिथं बदली झाली तेव्हा मी हवालदार होतो. ट्रेड रेडिओ ऑपरेटर. गाव रनाळे, तालुका नंदुरबार. घरचे सगळे शेतीत, फौजेत मी एकटाच.

ऑपरेटरचं काम म्हणजे संशय घेणं. सेटवर ओळखीचा आवाज आला म्हणून तो आपलाच माणूस, असं धरायचं नसतं. समोरच्याला 'ऑथेंटिकेट' म्हणायचं. ठरलेलं उत्तर आलं तरच पुढं बोलायचं. ही खोड नोकरीत लागली आणि घरापर्यंत आली. बायको म्हणते, तुम्ही दूधवाल्यालासुद्धा पासवर्ड विचाराल.

पोस्टवर मोबाईल चालत नसत. ते खाली कंपनीत जमा. करमणूक म्हणजे मेमरी कार्डवर वाजणारे छोटे स्पीकर. रविवारी जेवणानंतर ड्युटी नसलेले सगळे लंगरमध्ये, म्हणजे पोस्टच्या स्वयंपाकघरात, बसायचे आणि कुणातरी एकाचा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे. वाद एकच असायचा. एकही गाणं पुढं ढकलावंसं वाटणार नाही, असा अल्बम कुणाकडे आहे? ऐकताना बोलायचं नाही. ज्याला एखादं गाणं नको वाटलं त्यानं आपला चहाचा मग उलटा ठेवायचा. एक मग उलटा झाला की अल्बम नापास. हा रिवाज कुणी पाडला ते मला कळलं नाही, मी गेलो तेव्हा तो होता.

माझं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. असा अल्बम नसतोच. सुरुवातीची गाणी जीव ओतून करतात, शेवटचं एक राखून ठेवतात, आणि मध्ये भरतीचा माल घालतात. कुणी म्हणालं, माझ्या अल्बममध्ये खोट नाही, की मला त्या माणसाचाच संशय यायचा. शिपाई हरपालचा पंजाबी अल्बम चौथ्या गाण्याला पडला. आमचे पोस्ट कमांडर सुभेदार साहेब, त्यांच्या भजनांच्या अल्बमलाही मी मग उलटा केला. साहेबांनी ते पाहिलं. पुढचा आठवडाभर पाण्याचे जेरीकॅन माझ्या वाट्याला आले.

मग लान्स नायक दिलवर पावराची पाळी आली.

दिलवर धडगावच्या वरच्या अंगाचा, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. जिल्हा एकच, पण आमची पहिली भेट झाली ती त्या पोस्टवर. आम्ही सपाटीवरचे लोक डोंगरातल्या माणसाकडे जरा जपूनच बघतो, आणि ते आमच्याकडे त्याहून जपून. घरी तो पावरी बोलायचा. ती मला येत नव्हती. नंदुरबारला होस्टेलवर राहून शिकल्यामुळे त्याला अहिराणी छान यायची, म्हणून आमचं बोलणं अहिराणीत.

त्याचा अल्बम म्हणजे स्टुडिओतला माल नव्हता. त्याच्या पाड्यावरच्या लग्नात कुणीतरी मोबाईलवर टेप केलेली गाणी. ढोल, बासरी, थाळी आणि फेर धरून गाणाऱ्या बाया. धडगावच्या एका दुकानदारानं त्यांचा अल्बम करून विकला होता. भाषा कळत नसतानाही पहिल्या तीन गाण्यांनी लंगर हलवून सोडला. हरपाल बसल्या जागी खांदे उडवत होता. मी खोट शोधत होतो आणि ती सापडत नव्हती. याचा मला राग येत होता.

तिसऱ्या गाण्यानंतर ढोल थांबले. चौथं सुरू होईना. नुसता जाळाचा तडतड आवाज. कुणी खोकलं. कुणी हसलं. लांब कुत्रं भुंकलं. मग एका माणसाचा आवाज, पावरीतले तीन-चार शब्द. पुन्हा जाळ. बऱ्याच वेळानं ढोल घुमला, आणि तो आधीपेक्षा कितीतरी चढा.

मी माझा मग उलटा केला. एकट्यानंच.

नंतर त्याला गाठलं आणि मधल्या त्या जागेत काय चाललंय ते विचारलं. "दिलवर, त्या मझार काय करी ऱ्हायनात रे?"

"ढोल शेकी ऱ्हायनात, भाऊ. कातडं ढिलं पडस ना. जाळपुढे धरो तवय ताणास."

"मंग तितलं काढी टाक. गाना चांगला शेत."

"नही."

"कसाले?"

"तेनाबिगर पुढला ढोल तसा नही वाजाव."

टेपमधला तुकडा कापल्यानं पुढचा ढोल उतरत नसतो, हे त्यालाही कळत होतं. म्हणजे कारण दुसरं होतं. पुढं तो अल्बम लंगरमध्ये पुष्कळदा वाजला आणि मी त्याच्यावर नजर ठेवली. ढोल शेकायची जागा आली की तो हातातलं काम थांबवायचा. तो माणूस बोलला की लगेच दिलवरचे ओठ हलायचे. तेच शब्द, आवाज न करता. दर वेळी. माझा संशय बळावला. मी सरळ विचारलं, "कोन शे तो बोलनारा?"

"तुले काय करनं शे?" म्हणाला आणि हसला.

त्या वर्षी पाऊस संपता संपेना. वरच्या डोंगरातून माती धुऊन खाली यायला लागली. एका रविवारी दुपारी दिलवर आणि हरपाल स्टोअर बंकरमध्ये रॉकेलचे कॅन मोजून लावत होते. काम झालं की लंगरमध्ये यायचं म्हणून दिलवरनं स्पीकर बरोबरच नेला होता. मी सेटवर होतो. जमीन हलली आणि ट्रक उलटल्यासारखा आवाज झाला. बाहेर आलो तर स्टोअर बंकरच्या जागी चिखलाचा ढीग होता.

मी सेटवर परतलो. "मेसेज. स्लाईड. दोन जवान खाली. मदत पाठवा. ओव्हर."

खालून कंपनीचं उत्तर आलं, "रस्ता बंद आहे. तुमच्याकडे जे आहे त्यावर काम सुरू करा. ओव्हर."

"रॉजर. आउट."

आमच्याकडे फावडी होती आणि मोजके हात. ढीग मोठा. बंकर मूळ जागेवरून सरकला होता, त्यामुळे नेमकं कुठं खणायचं ते समजेना. आम्ही हाका मारल्या. उत्तर नाही. वरून अजून दगड सुटत होते. एका ठिकाणी जास्त वेळ उभं राहणं धोक्याचं होतं.

तेवढ्यात ढिगाच्या डाव्या कडेनं, मातीच्या आतून, बासरी ऐकू आली. दिलवरच्या अल्बमचं पहिलं गाणं.

तो स्पीकर बंद करून लावला की पहिल्यापासून वाजायचा. म्हणजे आत्ताच कुणीतरी तो लावला होता. सगळे डावीकडे धावले. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. आवाज जवळ येत होता. आणि मग बंद झाला.

आम्ही फावडी थांबवली. काही नाही. सुभेदार साहेबांनी वर पाहिलं. कड्याला नवी भेग पडली होती. आवाज गेला म्हणजे स्पीकर गेला, किंवा लावणारा गेला, असं त्यांना वाटलं असणार. जिवंत माणसं वाचवायची जबाबदारी त्यांची होती. ते म्हणाले, "सब पीछे हटो."

मी म्हणालो, "साहेब, ढोल शेकतायत. अल्बम चालू आहे."

"क्या?"

"थोडं थांबा. आता एक माणूस बोलेल."

मी ढिगावर पालथा पडून कान लावला. जाळाची तडतड आली, अगदी बारीक. खोकला. हसणं. मग तो आवाज, ते पावरी शब्द. आणि लगेच, त्याच्या पाठोपाठ, तेच शब्द पुन्हा. हळू, धापा टाकत.

टेपमध्ये तो माणूस एकदाच बोलतो. मी खोट काढण्यासाठी इतक्या वेळा ऐकलं होतं की याबद्दल मला शंका नव्हती. आणि दोन्ही आवाज एकाच माणसाचे होते, दिलवरचे. ओठ कशासाठी हलायचे ते मला तिथं, चिखलात कान घालून कळलं.

"साहेब, ऑथेंटिक. दिलवर जिवंत आहे. माझ्या छातीखालीच आहे."

साहेबांनी एकदा भेगेकडे पाहिलं. "खोदो," म्हणाले, आणि पहिलं फावडं स्वतः मारलं. पुढचा ढोल सुरू झाला. आम्ही त्या ढोलावर खणत गेलो.

आधी हरपालचं डोकं दिसलं. बेशुद्ध, पण श्वास चालू. छताची तुळई त्याच्या अंगावर यायची ती दिलवरच्या पाठीवर अडकली होती. दिलवर त्याच्यावर ओणवा होता. एक हात मोकळा, त्यात स्पीकर, वर धरलेला. छाती दाबली गेल्यानं त्याला हाक मारता येत नव्हती. म्हणून त्यानं अल्बम लावला होता. तुळई उचलली तेव्हा शेवटचं गाणं चालू होतं. दिलवर गेला होता.

मी सेटवर गेलो आणि मेसेज दिला. आवाज स्थिर होता, असं नंतर खालच्या ऑपरेटरनं सांगितलं. मला आठवत नाही. सेट ठेवल्यावर मी रडलो, ते मात्र आठवतं.

नोकरी संपवून मी गावी आलो. आता विसरवाडीला हायवेवरच्या एका गोदामात सिक्युरिटीचं काम बघतो. हरपाल दर दिवाळीला फोन करतो. मध्यंतरी स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानातून तेच पहिलं गाणं कानावर आलं. मी उभा राहिलो. तिसरं गाणं संपलं आणि त्याला चिकटून चौथ्या गाण्याचा ढोल सुरू झाला. मध्ये काहीच नाही.

आत जाऊन दुकानदाराला विचारलं, "मधली जागा कुठे गई?"

"कोनती जागा, दादा? रिकामं व्हतं ते काढी टाकं. आते नॉनस्टॉप शे. सगळीकडे हाईच चालस."

सगळीकडे म्हणजे दिलवरच्या पाड्यावरही हेच चालत असेल, असा मला संशय आला. तसं असेल तर त्याच्या घरी त्याचा आवाज उरला नसणार. रविवार धरून मी धडगावची बस पकडली, पुढं जीपनं आणि शेवटी पायी गेलो.

दिलवरच्या वडिलांना सगळे बाबा म्हणतात. मला ओळखत नव्हते. नाव, नंबर, पोस्ट सांगितली तेव्हा त्यांनी खाट टाकली. संशय खरा निघाला. त्यांच्याकडेही नॉनस्टॉपवालंच होतं. मी विचारलं, "बाबा, दिलवरनी पेटी उघडी का?"

फौजेतून घरी आलेली दिलवरची पेटी तशीच बंद होती. तिच्यात युनिफॉर्म आणि वाळल्या चिखलानं भरलेला स्पीकर. बाबांनी तो कधी चालू केला नव्हता, आणि तो चालणारही नव्हता. मी सुरीच्या टोकानं मेमरी कार्ड काढलं, शर्टाला पुसलं, माझ्या फोनमध्ये घातलं. चालेल असा भरवसा नव्हता. पहिल्यांदा फोननं कार्ड घेतलंच नाही. परत पुसून घातलं. बासरी वाजली.

पाड्यावरची माणसं गोळा झाली. चुलीवरचा कोरा चहा आला. तिसरं गाणं संपलं, ढोल थांबले. जाळ तडतडला. कुणी खोकलं, कुणी हसलं. मग तो बोलला.

बाबांनी फोनकडे असं पाहिलं, की मला मान वळवावी लागली. मग ते मोडक्या अहिराणीत म्हणाले, "मन्हा दिलवर."

"काय सांगस तो, बाबा?"

"ढोलवाला घाई करी ऱ्हायना. हाऊ सांगस, थांब, आजून तपना नही."

इतकी वर्षं ते शब्द माझ्या कानात होते आणि अर्थ त्या दिवशी कळला. मातीखाली, पाठीवर तुळई असताना, तो स्वतःला हेच सांगत होता. थांब, अजून नाही. आम्ही हरपालपर्यंत पोचेस्तोवर तो थांबला.

फोनमध्ये जाळ चालूच होता. नकळत मी त्या दुसऱ्या, मातीखालच्या आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही. ढोल घुमला, चढा.

शेवटचं गाणं होईपर्यंत कुणी उठलं नाही. कार्ड मी बाबांच्या हातात दिलं. माझा चहा केव्हाच संपला होता. कप मी खाली ठेवला, सरळ. बाबांना त्यात काही विशेष वाटलं नाही. दिलवरला कळलं असतं.