यमाच्या मुनीमाचं कपाट

हिंगणघाटात आमच्या पेठेत कुणाच्या घरी मयत झाली, की तेरवी उरकल्यावर माणसं उरलेल्या औषधांची पिशवी घेऊन काकाजींच्या मेडिकलमध्ये जात. काकाजी पिशवी उघडायच्या आधी आवाज खाली आणून विचारत, "कोण गेलं?" मग प्रत्येक बाटलीवर गेलेल्याचं नाव चिकटवून ती मागच्या काळ्या कपाटात ठेवत आणि कुलूप लावत. अवसेला ती सगळी औषधं मागच्या आवारात खड्डा खणून पुरून टाकत. गाव त्यांना यमाचा मुनीम म्हणे. अर्थात पाठीमागे.

मी तेव्हा शाळेत नवीनच शिक्षिका झाले होते आणि मला पुण्य करायची भारी हौस होती. ही औषधं गरिबांना का देत नाही, असं मी एकदा विचारलंच. "बाई, बाटलीवर तारीख राह्यते," ते म्हणाले. "पण ते चुलीपाशी होती का खिडकीत तापत होती, हे कुठं लिहेल राह्यते? मेलेल्याचं औषध मी जित्याले देत नाई."

मोठ्या रस्त्यावरून ट्रक गेला की कपाटातल्या बाटल्या आतल्या आत किणकिणत. नवं गिऱ्हाईक दचकायचं. काकाजी मात्र हातातलं काम न सोडता कपाटाकडे बघून म्हणत, "बसा गा, निवांत बसा." ते थट्टा करत की खरंच कुणाला तरी बसवत, हे मला कधी कळलं नाही. चेहऱ्यावर हसू नसायचं एवढं खरं.

माझ्या आईला रोज इन्सुलिन लागे; घरी फ्रिज नव्हता, म्हणून शिशी गार राहावी म्हणून माठात ठेवत असू. एका वैशाखात वादळाने तारा तुटल्या आणि पेठेतली वीज गेली ती परत यायचं नावच घेईना. काकाजींच्या फ्रिजातलं बर्फ केव्हाच वितळलं होतं. त्यांनी इन्सुलिनच्या शिश्या बाहेर काढल्या, तळहातावर धरून बघितल्या, कोमट लागल्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेक फोडून टाकली. मला त्यांचा असा संताप आला होता! नागपूरहून नवा माल आला नव्हता, आणि आमच्या माठातली शिशी संपली होती.

तिसऱ्या प्रहरापर्यंत वाट बघणंही कठीण, असं आमचे डॉक्टर म्हणाले. आईला भर उन्हात हलवायलाही त्यांनी मनाई केली. मी समोर दुकानात धावले. शेजारच्या वत्सलाबाई नुकत्याच गेल्या होत्या, आणि त्यांच्या सुनेने आणून दिलेली इन्सुलिनची न उघडलेली शिशी कपाटात आहे हे मला ठाऊक होतं.

"काकाजी, आई चालली माझी. वत्सलाबाईची शिशी द्या."

"बेटा, खराब औषध टोचलं तं आपल्याले वाटते दवा दिली. आन् माणूस तसाच जाते," ते म्हणाले. "मी सेवाग्रामच्या दवाखान्यात जातो. डॉक्टरची चिठ्ठी दे मले." आणि दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातात देऊन ते थर्मास घेऊन एसटी गाठायला निघाले.

दुपारी आई हाकेला ओ देईनाशी झाली. बहिणीला तिच्यापाशी बसवून मी किल्ल्या घेऊन पळाले आणि ते कपाट उघडलं. आत माझ्या ओळखीची सगळी माणसं ओळीने उभी होती. कापसाच्या जिनातले रामभाऊ. मला बाराखडी शिकवणारे गुरुजी. कुंभाराचं तान्हं, त्याच्या इवल्याशा बाटलीला ड्रॉपर तसाच. वत्सलाबाईंची शिशी पाण्यासारखी नितळ होती. मी ती उचलली आणि बाटल्या किणकिणू लागल्या. आधी वरच्या फळीवरच्या, मग खालच्या. मी रस्त्याकडे बघितलं. ट्रक सोडा, बैलगाडीसुद्धा नव्हती.

मी शिशी जागेवर ठेवली, कुलूप लावलं आणि "बसा गा" न म्हणताच घराकडे पळाले. अक्कल सुचली म्हणून ठेवली असं कुणाला सांगितलं तर पटेल. पण खरं सांगते, मी भ्यायले होते.

काकाजी आले तेव्हा ऊन कलत होतं. डोक्यावरचा दुपट्टा भिजवून त्यांनी थर्मासला गुंडाळला होता, आणि स्वतः बोडक्या डोक्याने बसस्टँडपासून चालत आले होते. चेहरा तांब्यासारखा लाल. आमच्या उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी विचारलं, "माठ गार हाये ना?" आई कशी आहे, हे त्यानंतर विचारलं.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने डोळे उघडून पाणी मागितलं. त्याच सकाळी काकाजींचं अंग भट्टीसारखं तापलं होतं. त्यांना ऊन लागलं होतं. कांद्याचा रस झाला, ओल्या चादरी झाल्या, सलाईन झालं. आठवडा उलटायच्या आत ते गेले. माझ्या आईसाठी गेले, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. रोज सकाळी माठातून शिशी काढताना ती थबकायची, उंबऱ्याकडे बघायची आणि सहज कुणाला उत्तर द्यावं तसं म्हणायची, "हो भाऊ, गार हाये." मला कधीच काही ऐकू आलं नाही. पण उन्हाळा लागला, की आई उठायच्या आधी मी जाऊन माठाला हात लावून बघत असे. न जाणो, तिला एखाद्या दिवशी "नाई" म्हणावं लागलं तर.