भामरागडला गेलेला कागद

नीलिमा रामटेके माझ्या घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. आलापल्लीत अशी दुकानं आणखीही आहेत, पण पेन ड्राइव्हबरोबर हाताने लिहिलेला कागद तीच देते. तिची गिऱ्हाइकं प्रोग्राम घेऊन जंगलातल्या गावी परततात. तिथे तो कॉम्प्युटरवर बसवायला मदतीला कोणी नसतं, म्हणून हा कागद. "सेटअप चालवा" असं ती लिहीत नाही. "पिवळ्या फोल्डरमध्ये निळं चौकोनी चित्र दिसेल, त्यावर दोनदा पटकन क्लिक करा," असं लिहिते.

कागद झाला की मला कॉम्प्युटरसमोर बसवते आणि स्वतः तोंडावर हात ठेवून मागे उभी राहते. मी अडले, की कागद सुधारायला तिचा हात पेनकडे जातो.

"अगं, सांग ना पुढे काय!"

"नाई सांगत, मावशी. भामरागडात मी थोडीच राहीन तुमच्या मागं?"

या जुलैत भामरागडच्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका केसरबाई मराठी टायपिंगचा प्रोग्राम घेऊन गेल्या. मुलींची परीक्षा तोंडावर आली होती आणि सराव त्याच्यावरच व्हायचा होता. त्या पोचल्या आणि पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहू लागलं. रस्ता बंद.

काही दिवसांनी रेंज आली तेव्हा त्यांचा फोन आला.

"नीलिमा, तुझा कागद बेकार आहे वं! 'हिरवी पट्टी भरेपर्यंत थांबा' लिवलंस. रातभर थांबली. दुसऱ्या दिवशीही थांबली. पोरी रोज विचारून राह्यल्या, बाई, कधी?"

नीलिमाचा चेहरा उतरला. पेन ड्राइव्ह नीट लावला का, कोणत्या चित्रावर क्लिक केलं, सगळं तिने विचारलं. सगळं कागदाबरहुकूम होतं.

"आता पडद्यावर काय दिसून राह्यलं, बाई?"

"पडदा तं बंद आहे."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? लाइन नाई, सोलरची बॅटरी उतरते. थांबाचंच आहे, तं पडदा कायले जाळाचा?"

नीलिमा कपाळावर हात मारून हसू लागली. तो प्रोग्राम मध्येच थांबून कीबोर्ड कोणता हवा ते विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाही. कागदावर ते उत्तर होतं, पण 'थांबा'च्या खालच्या ओळीत. कागद तपासताना मी तर पडद्याकडे बघतच बसले होते, त्यामुळे आम्हां दोघींना काहीच खटकलं नव्हतं.

"पडदा लावा, बाई. काही विचारून राह्यलं का?"

"हो वं! बिचारं रातभर विचारत असन, आन् मी ढाराढूर!"

उत्तर कोणतं द्यायचं ते सांगेपर्यंत रेंज गेली, पण ते त्यांच्या कागदावर होतंच. नीलिमाने पुढच्या गिऱ्हाइकांसाठी लगेच नवा कागद घेतला. 'हे काम दिवसा, बॅटरी भरल्यावर करा. पडदा बंद करू नका. मध्ये एक प्रश्न येतो, त्याचं उत्तर दिल्याशिवाय पट्टी पुढे जात नाही.' मग मला पुन्हा बसवलं.

पुढचा फोन आला तेव्हा केसरबाई काही बोलल्याच नाहीत. नीलिमाने फोन माझ्या कानाला लावला. टक... टकटक... बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक.

"ही दुर्गा हाये," शेवटी केसरबाईंचा आवाज आला. "खुर्ची सोडत नाई. मागं पोरींची रांग लागली. पडदा दिवसभर चालू हाये, नीलिमा. बॅटरी उतरली तं तूच येऊन भर!"

"पाणी उतरू द्या, बाई, येते," नीलिमा म्हणाली. फोन मात्र तिने माझ्या कानावरून काढून स्वतःच्या कानाला लावला, आणि ऐकत राहिली.