उलटी बाजू दाखवा म्हणणाऱ्या शोभाताई

शोभाताईंचा कुणावरच पटकन विश्वास बसत नसे. माझ्यावरही नाही.

आज सकाळी त्या गेल्या. कर्वेनगरला, राहत्या घरी. हार्ट.

आमचा गोधडी शिवणाऱ्या बायकांचा ऑनलाइन ग्रुप आहे. कुणी नाशिकची, कुणी कोल्हापूरची, दोघी-तिघी अमेरिकेतल्या. कापडाचे तुकडे एकमेकींना कुरिअर करतो, म्हणून नाव-नंबर-पत्त्यांची डिरेक्टरी लागते. ती शोभाताई सांभाळायच्या. रेशनिंग ऑफिसातून रिटायर झालेल्या.

नवीन बाई आली की आधी त्यांचा फोन. मलाही आला होता.

"राहता कुठे?"
"नारायण पेठेत."
"नारायण पेठेत कुठे?"
"अहो, फॉर्ममध्ये लिहिलंय की सगळं."
"लिहिलेलं वाचलंय मी. आता ऐकतेय."

मग म्हणाल्या, "व्हिडिओ लावा आणि गोधडी उलटी करून दाखवा. पुढून सगळ्यांच्याच छान दिसतात."

दाखवली. फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, या बाईला एवढे पत्ते कशाला हवेत?
इरफान म्हणाला, "पॉलिसी विकत असेल. बघच तू, आठवड्यात फोन येतो."

पॉलिसीचा फोन काही आला नाही. पण माझा संशय बरेच दिवस गेला नाही. त्यांचा माझ्यावरचा तर नाहीच.

पुढे त्यांनीच मला ग्रुपची दुसरी ॲडमिन केलं.

गेल्या वर्षीची गोष्ट आज सांगायची आहे. जिच्याबद्दल आहे, तिची परवानगी घेतली आहे. ग्रुपवर ती टोपणनावाने होती. इथे तेही बदलून मी तिला मीनल म्हणते.

मीनलला बाळ होणार होतं. बाळासाठी शिवत असलेल्या छोट्या गोधडीचे फोटो ती टाकायची. डिरेक्टरीत तिच्या नावापुढे पत्ता नव्हता, 'शोभाताईंमार्फत' एवढंच होतं. मी कारण विचारलं.

"तुलाही नाही सांगणार. तुझ्यावर अविश्वास नाही शबाना, तुझ्या फोनवर आहे. कुठेही पडलेला असतो तो."

खरं सांगते, राग आला होता.

मग ग्रुपवर एक वैशाली आली. प्रोफाइलला गुलाबाचा फोटो. प्रत्येकीला 'माझी गोड ताई'. शोभाताईंचे तीन फोन तिने उचलले नाहीत. 'घशाला त्रास आहे, मेसेज करा.'

लगेच मागणी. मीनलचा पत्ता द्या ना, बाळासाठी दुपटं शिवलंय. सरप्राइज आहे, तिला सांगू नका.

शोभाताई : "पार्सल माझ्याकडे पाठवा. मी पोचवते."

झालं! वैशालीने सगळ्यांसमोर पोस्ट टाकली. बायकांच्या ग्रुपमध्येही इतका संशय? आईच्या मायेने शिवलेल्या दुपट्यावर?

खाली रडके इमोजी, हार्ट्स. एकीने लिहिलं, "रिटायर झाल्या तरी खुर्ची सुटत नाही." काही जणी ग्रुप सोडून गेल्या.

शोभाताईंनी एका ओळीत उत्तर दिलं. "पत्ता मिळणार नाही. शोभा."

मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, ताई, द्या ना सोडून. एका दुपट्यासाठी ग्रुप फुटेल.

त्या म्हणाल्या, "तिच्याकडे दुपट्याच्या उलट्या बाजूचा फोटो मागितला. आला नाही. राग आला."
"मग?"
"शिवणारी बाई उलटी बाजू दाखवायला लाजते गं. रागवत नाही."

माझ्यासमोरच त्यांनी एका नव्या नंबरवरून वैशालीला फोन लावला. स्पीकरवर. रेकॉर्डिंग चालू.

पुरुषाने उचलला.

"वैशालीताई आहेत का? गोधडी ग्रुपवरून बोलतेय."
"ती आंघोळीला गेलीय. मीनलचा पत्ता ना? सांगा, मी लिहून घेतो."
"मी पत्त्याचं कुठे काय म्हटलं?"

फोन कट.

शोभाताईंनी शांतपणे मीनलला फोन करून ते रेकॉर्डिंग ऐकवलं.
ती म्हणाली, "काकू, हा माझा नवरा आहे."

त्याच्या मारहाणीला कंटाळून पोटातलं बाळ घेऊन ती निघून आली होती. बाळाच्या गोधडीत तिने स्वतःच्या लग्नातल्या साडीचे तुकडे लावले होते. कुणीतरी ग्रुपबाहेर पाठवलेल्या फोटोतली ती साडी त्याने ओळखली असावी.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पोलीस चौकीत गेलो. साहेबांनी चहा मागवला.
शोभाताई म्हणाल्या, "चहा नको साहेब. तक्रारीची पोच द्या."
पोच हातात पडेपर्यंत त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, आता ग्रुपवर सगळं लिहू या. तुम्हाला काय काय बोलल्या त्या!

"काही लिहायचं नाही. आपल्यात त्याने आणखी कुणाला बसवलं नसेल कशावरून? बोलू देत त्यांना."

बायका बोलल्याही. वर्षभर. शंकेखोर, खडूस, हुकूमशहा. शोभाताई रोज वाचायच्या आणि नव्या बायकांना फोन करत राहायच्या. एकदाच म्हणाल्या, "वाईट वाटतं गं. पण पोरगी सुखरूप आहे ना?"

आता मीनलच्या नवऱ्याला कोर्टाने तिच्या जवळ फिरकायलाही बंदी केली आहे. म्हणून हे लिहिता येतंय. तेव्हा ग्रुप सोडून गेलेल्यांनीही वाचावं.

दुपारी शोभाताईंच्या घरी गेले. बुद्धवंदना चालू होती. दारात मीनल उभी होती, कडेवर लेक. शोभाताईंच्या धाकट्या बहिणीने विचारलं, "आपण कोण?"

मी पटकन काहीतरी सांगणार होते. मीनलने मला थांबवलं.

स्वतःचं खरं नाव सांगितलं तिने. आडनावासकट. जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

आणि लेकीला घेऊन आत गेली.

जय भीम, शोभाताई.
आम्हा सगळ्या शिवणाऱ्या बायकांकडून मनापासून आदरांजली.