अजेंड्यावर नसलेला ड्रॅगन
होळीचा धूर खिडकीतून आत आला, की मला कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि आमचा जळालेला किल्ला आठवतो. किल्ला होता कॉम्प्युटर गेममधला. सगळ्यांनी मिळून जंगलातली लाकडं तोडायची, किल्ला बांधायचा आणि तो ड्रॅगनपासून वाचवायचा. सेक्रेटरी, समोरच्या फ्लॅटमधले बँकवाले आणि मी, असे तीन पन्नाशीचे योद्धे आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून महिनाभर खपलो. फक्त तटबंदी उरली होती, तेवढ्यात सेक्रेटरी गरजले, "आधी टेरेस कोणाची ते ठरवू!" बँकवाले उसळले, "माझी! लाकडं कोणी तोडली?" "तोडलीत, पण कमिटीची परमिशन घेतलीत?" "अहो साहेब, ड्रॅगन येतोय, भिंत घाला!" मी बोंबललो. "तो विषय अजेंड्यावर नाही," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, आणि टेरेससकट अख्खी सभा भस्म झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी गेमच्या पानावर आपलं मत ठोकलं, 'एकदम फालतू गेम. रहिवाशांच्या सुरक्षेची काहीच सोय नाही.' आज धूर आला तसं ते मी मुद्दाम पुन्हा वाचलं. खाली कितीतरी खेळाडूंनी 'शंभर टक्के सहमत' असं लिहिलंय. म्हणजे असे सेक्रेटरी गल्लोगल्ली आहेत, आणि ड्रॅगन बिचारा एकटा.